बर्फातली खुर्ची

झिगमुंटने फावडं भिंतीला टेकवलं आणि स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची आणून रस्त्याकडेच्या मोकळ्या केलेल्या जागेत मधोमध ठेवली. बर्फ गुडघाभर पडला होता. एका गाडीपुरता उपसायला त्याची अख्खी सकाळ गेली आणि या वयात कंबरही उलट बोलायला लागली होती. पण शिकागोत बर्फ उपसेल त्याची जागा, आणि खुर्ची ठेवली की तिला कोणी हात लावत नाही. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, म्हणूनच बहुधा सगळे पाळतात.

समोरच्या घराच्या पायऱ्या झाडणारी एउलालिया थांबली.

"अहो, गाडी तर तुम्ही उन्हाळ्यातच विकलीत. आता काय खुर्चीच चालवणार?"

"लेक येतेय. घर घेणाऱ्या माणसाला दाखवायला आणतेय."

एउलालियाचा चेहरा उतरला. "म्हणजे आता तुम्हीपण?"

तो फावडं उचलून आत गेला.

त्या गल्लीतली सगळी घरं एकाच घाटाची, विटांची, दुमजली. खाली मालक, वर भाडेकरू. वरच्यांच्या भाड्यावर खालच्यांचं कर्ज फिटायचं आणि पोरं ज्या मजल्यावर भूक लागेल तिथे जेवायची. अलीकडे मोठ्या पगाराची माणसं येत, आतून जिना काढत आणि दोन बिऱ्हाडांचं एक घर करत. शेजारच्या घरात पूर्वी भांड्याला भांडं लागायचं, आता तिथे नवरा, बायको आणि एक शिस्तीचा कुत्रा होता. गल्लीतल्या घरांचे भाव चढत होते आणि माणसं कमी होत होती. झिगमुंटचा वरचा मजलाही वर्षभर रिकामाच होता.

"एकट्या माणसाला दोन मजले कशाला, बाबा?" बोझेना म्हणायची. "कर भरता भरता मराल. माझ्याकडे या." तिचं काही चूक नव्हतं. तिच्या घरी त्याच्यासाठी उन्हाची खोलीही होती. त्याने हो म्हटलं होतं. फक्त खिडकीतली 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी काढायचं तो दर वेळी विसरत होता, आणि ती विचारी तेव्हा वयाला दोष देत होता.

दाराची घंटा वाजली. बोझेना लवकर आली असं समजून त्याने दार उघडलं, तर पायरीवर एक तरुण उभा. हातात झिगमुंटचीच खुर्ची. मागे बायको, तिच्या कडेवर पांघरुणात गुंडाळलेली पोर.

"काका, ही तुमची का? रस्त्यात राहिली होती. एवढी चांगली खुर्ची बर्फात खराब होईल म्हणून आणली."

झिगमुंटने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. सकाळभर उपसलेल्या जागेत पोचे पडलेली एक गाडी उभी होती, नंबरपाटी टेक्ससची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याहून कमी गुन्ह्यासाठी या गल्लीत गाड्यांचे आरसे फुटले होते. एकाच्या गाडीवर तर रात्रभर पाणी सोडून तिचा बर्फाचा गोळा केला होता. बोलायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्या तरुणाने वाकून आपल्या बाहीने खुर्चीचे पाय पुसायला घेतले, आत ओल जाऊ नये म्हणून.

झिगमुंटला हसू फुटलं. इतकं, की चौकट धरावी लागली.

"बर्फ पहिल्यांदाच बघताय?"

"हो. कसं कळलं?"

"असंच. या आत."

खिडकीतली भाड्याची पाटी बघून ते थांबले होते. इवान बेकरीत कामाला होता, त्याची बायको आरासेली इस्पितळाच्या धुलाईखात्यात. तिने दारातच सांगून टाकलं, "आधीच बोलते, काका. आमचा पगार भाड्याच्या तिप्पट नाही. सगळे मालक तिथेच अडवतात. चालणार नसेल तर उगाच जिना चढू नका."

"जिना चढायला पगार लागत नाही," झिगमुंट म्हणाला. "पण माझी कंबर गेलीय. किल्ली घ्या आणि बघून या."

तो स्वयंपाकघरात आला. वर दार उघडल्याचं कळलं, आणि मग पोरीला खाली सोडल्याचंही. छोटे बूट या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, भिंतीपाशी थांबले, परत फिरले. छताला टांगलेला दिवा हलायला लागला. झिगमुंट मान वर करून उभा राहिला. त्याला बरं वाटलं. फार दिवसांनी, फार बरं वाटलं. मग त्याने शेगडीवरचं लहान पातेलं उतरवलं आणि सूप मोठ्या पातेल्यात ओतून त्यात आणखी बटाटे चिरून टाकले.

बोझेना आली ती चालत. नाक लाल, बूट भिजलेले.

"कोपऱ्यापासून तुडवत आले, बाबा. घर घेणारा माणूस तिकडे गाडीतच बसलाय. तीन चकरा मारल्या, उभी करायला जागा नाही. तुम्ही धरून ठेवणार होतात ना? दारात कोणाची गाडी आहे ती?"

डोक्यावरून छोटे बूट धाडधाड धावत गेले. बोझेनाने छताकडे पाहिलं, मग बापाकडे.

"वरच्या बिऱ्हाडाची," झिगमुंट म्हणाला आणि तिच्यासाठी वाडगा काढला.