लाहिरीबाबूंचा राजीनामा

माझा स्वभाव तापट आहे हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सिंगापुरात मी तो सहा वर्षं दाबून ठेवला होता, परवा तो उसळलाच. न केलेल्या चाचण्या केल्या असं लिहून साहेबानं माझी सही मागितली. आमच्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर एका रुग्णालयात बसवायचं होतं. मी सही केली नाही. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून, एकविसाव्या मजल्यावरून, सरळ राजीनामा पाठवला आणि एमआरटीची मेट्रो पकडून घरी आलो.

एवढी हिंमत माझी नव्हे, ती लाहिरीबाबूंची. मरीन परेडच्या आमच्याच कॉन्डो-संकुलात ते मुलीकडे राहतात. वय ब्याऐंशी. सुंदरबनातल्या एका बेटावर शाळामास्तर होते, होडीतून प्रचार करून चार वेळा लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद दारात उभं असताना प्रवाशांची एक बोट बुडाली, एकशे बारा माणसं गेली आणि चौकशीचा अहवाल दडपला गेला. लाहिरीबाबूंनी त्यासाठी खासदारकीवर लाथ मारली. ही गोष्ट त्यांची मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि ते नुसती मान हलवायचे. वर्षभर मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर चालत होतो. आपल्याला देवमाणूस भेटला, असंच मला वाटायचं.

माझ्या बायकोला, उर्मिलाला, मात्र माझ्या राजीनाम्याचं काही कौतुक नव्हतं. "नोकरीचा पास रद्द झाला की देश सोडायला तीस दिवस," ती म्हणाली. "आपल्या वरदची परीक्षा तोंडावर आलीय. मला एका शब्दानं विचारलंस?"

"लाहिरीबाबूंनी कुणाला विचारलं होतं?"

"ते स्वतःच्या देशात होते, विनायक. त्यांना कुणी गाशा गुंडाळायला सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या बाकावर मी लाहिरीबाबूंना सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशी माझी खात्री होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मागे घेता येईल?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"तुम्ही घेतला होता?"

"मी दिलाच नव्हता."

मला आधी वाटलं, म्हातारपणी विसरले असतील. पण ते पुढे बोलतच राहिले. त्यांच्या पक्षात तिकीट देतानाच राजीनामा लिहून घेत, तारखेची जागा कोरी ठेवून. पक्षाला त्यांची जागा दुसऱ्या कुणासाठी हवी झाली, तेव्हा कुणीतरी तारीख घातली. आदल्याच दिवशी ते त्या बुडालेल्या बोटीबद्दल सभागृहात दोन मिनिटं बोलले होते. वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. सकाळी दार उघडलं तर बाहेर हार घेऊन गर्दी.

"लोकसभेच्या अध्यक्षांनी बोलावून विचारलं, स्वखुशीनं दिलात का? नाही म्हटलं असतं तर जागा वाचली असती. पण गळ्यात हार होते, विनायकबाबू. मी हो म्हणालो."

तोवर मी वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तुमच्यापायी माझ्या मुलाची शाळा सुटणार! एकदा तरी तोंड उघडायचं होतंत! माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

"सही केली असती," ते म्हणाले.

इतक्या सरळपणे म्हणाले, की माझा रागही जागच्या जागी थिजला. पळायला आलेली दोन माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. लाहिरीबाबूंना त्यांचं भान नव्हतं. ते बाकाला धरून उठले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"एकतीस वर्षं लोक मला विचारताहेत, राजीनामा देताना काय वाटलं म्हणून," ते म्हणाले. "मी काहीबाही सांगत आलो. तुम्ही खरा दिलात. खरंच काय वाटतं?"

"भीती," मी म्हणालो. "आत्ताही वाटतेय."