आडव्या कड्याची कॅसेट

मित्रांनो, आज मला पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मला घरी न्यायला लोक आठवडाआठवडा थांबत. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात महायुद्धातल्या कमांडोंचा एक गाजलेला सिनेमा आहे. पाच जण समुद्रकाठचा उभा कडा दोरावरून उतरतात आणि शत्रूचं रेडिओ केंद्र उडवून देतात. सिनेमा संपल्यावर, फितीच्या सर्वांत आतल्या वेटोळ्यांत, तो कसा बनवला याचीही वीस मिनिटं आहेत.

ती वीस मिनिटं मात्र कुणी पाहत नसे. दुबई शहरातल्या बर दुबई भागातल्या खैरुद्दीनचाचांच्या व्हिडिओ लायब्ररीची शिस्त कडक. "रिवाइंड करके लाना, नहीं तो दूसरी नहीं मिलेगी," असं ते प्रत्येकाला बजावत. त्यामुळे पडद्यावर नावं सुरू झाली रे झाली की लोक मला उलटं फिरवायला लागत. माझी आतली वेटोळी कित्येक वर्षं कुणी उलगडलीच नाहीत.

१९९६ सालच्या एका गुरुवारी सुरेशने मला घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बायको मंजुषा आणि सहा वर्षांची मुग्धा. मंजुषा पुण्याची, शिकलेली, पण काळजी तिच्या पाचवीला पुजलेली. गॅसचं बटण, बाल्कनीचं दार, सगळं दोन-दोनदा बघायची. "अगं, मुलगी आहे ती, काचेचं भांडं नाही," सुरेश हसायचा. त्या संध्याकाळी तिघांनी मला पाहिलं. कमांडोंचा म्होरक्या दोरावरून सरसर उतरला तेव्हा मुग्धा सोफ्यावर उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. सुरेश देवळात गेला होता आणि मंजुषा पोहे परतत होती. घर एकाएकी गप्प झालं. मी टीव्हीशेजारीच होते, मला बाल्कनी दिसत होती. मुग्धाने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कठड्याला बांधली होती आणि तिचा एक पाय कठड्याबाहेर होता. मित्रांनो, माझी फीत आतल्या आत आवळली. मला हाक मारता येत नव्हती.

हातातला झारा तसाच घेऊन मंजुषा दारात आली. ती ओरडली नाही. दचकून पोरीचा हात सुटला असता.

"कमांडो," ती हळूच म्हणाली, "पोहे न खाताच निघालात?"

"विथ लिंबू?" मुग्धाने विचारलं.

"पिळते की. खोबरंही घालते." बोलत बोलत ती जवळ गेली आणि तिने मुलीला कमरेला धरून आत ओढलं. मग मात्र ती फरशीवर बसून रडू लागली.

"आई, व्हाय आर यू क्राइंग? आय टाइड इट प्रॉपरली. ही डिड इट, ना!"

रडणं ऐकून शेजारच्या शहनाझ धावत आल्या. दोरी पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! फेंक दो ये पिक्चर. खलास."

मंजुषाने बाल्कनीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पण शहनाझच्या घराला बाल्कनी होती, शाळेला जिने होते, आणि मुग्धा खुशीत सांगत होती, "टुमॉरो आय विल शो माय फ्रेंड्स." कुलूप दाराला लागतं, मित्रांनो. मुलीच्या डोक्यातल्या कड्याला ते कसं लावायचं?

दुपारी मंजुषाने मला परत लावलं. पोरीच्या मनात नेमकं काय शिरलंय ते तिला पाहायचं होतं. मुग्धाला मांडीवर घट्ट धरून ती बसली. कडा आला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. शेवटी नावं सुरू झाली. रिवाइंडचं बटण दाबायचं तर मुग्धाला सोडून उठावं लागलं असतं. ती उठली नाही.

आणि माझी आतली वेटोळी उलगडली.

पडद्यावर तोच कडा आला, पण आडवा! लाकडी फळ्यांचा, रंगवलेला, जमिनीवर पसरलेला. म्होरक्या त्यावर पोटावर सरपटत होता आणि कॅमेरा तिरका धरला होता. तो हसून सांगत होता की त्याला उंचीची इतकी भीती वाटते की तो स्टुलावरही चढत नाही. जमीन हातभरही खाली नव्हती, तरी त्याच्या कमरेला दोर होता. चष्मा लावलेली एक बाई दर वेळी येऊन त्याची गाठ ओढून पाहत होती. बाकीचे कंटाळले होते. ती पुन्हा ओढत होती.

"ही इज लायिंग डाउन!" मुग्धा किंचाळली. "चीटिंग!"

"चीटिंग नाही गं. कुणाला लागू नये म्हणून."

"बट ही इज ऑन द फ्लोअर. मग ती का चेक करते?"

मंजुषाने तिला आणखी जवळ ओढलं. "तिला काळजी वाटते म्हणून."

मुग्धाने मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं. "लाइक यू," ती म्हणाली. जरा वेळाने तिने जाहीर केलं, "ओके. टुमॉरो मी फ्लोअरवर दाखवीन."

किल्ली मात्र मंजुषाने कमरेची काढली नाही.

मला परत करताना ती खैरुद्दीनचाचांना म्हणाली, "पिक्चर ठीक थी. उसके बाद जो है, वो अच्छा है."

"उसके बाद?" चाचा हसले. "उसके बाद तो कुछ नहीं है, मॅडम."

पुढे सीडी-डीव्हीडीच्या चकत्या आल्या. २००३ साली दुकान बंद झालं, तेव्हा मंजुषाने मला मागून घेतलं. आता मी एका खोक्यात पडून आहे. फितीवर बुरशी चढते आहे आणि बाहेरून आत सरकते आहे. आतल्या वीस मिनिटांपर्यंत ती कधी पोचेल याची मला धास्ती वाटते. म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरातही माझ्यासारख्या कॅसेटी असतील, त्या दमटात टाकू नका. अधूनमधून एखादी लावा, आणि नावं सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. मांडीवर मूल असेल तर मुळीच नाही.