क्षमेचं सत्र

सरांचं पुस्तक छापून घरी आलं आणि त्याच संध्याकाळी बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुस्तक होतं क्षमेवर. निरनिराळ्या धर्मांत माणूस माणसाला कसं माफ करतो, देव माणसाला कसं माफ करतो आणि क्वचित कुठे माणूस देवालाही कसं पदरात घेतो, याचा चांगला उशाला घेता येईल एवढा जाड अभ्यास. सर आणि बाई नवराबायको. दोघंही एकाच विद्यापीठात, धर्मांचा अभ्यास करणाऱ्या एकाच विभागात शिकवायचे. विद्यार्थी सरांना पाठीमागे ‘तळटीप’ म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य सरळ घरी पोचत नसे. वाटेत त्याला फाटे फुटत. बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, तेसुद्धा जरा सावरून बसून.

तर पुस्तक आलं. बाईंनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि सवयीने आधी आभाराचं पान उघडलं. सरांनी प्रकाशकांचे आभार मानले होते. ग्रंथपालांचे मानले होते. कंबर धरली तेव्हा मलम देणाऱ्या डॉक्टरांचे, लिफ्टमध्ये भेटल्यावर ‘कुठवर आलं?’ असं विचारणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकांचे आणि लिहिताना खिडकीत येऊन बसणाऱ्या शेजाऱ्यांच्या मांजराचेही मानले होते. बाईंचं नाव नव्हतं. सगळं हस्तलिखित पुन्हा पुन्हा वाचून लाल करणाऱ्या, कॉम्प्युटरने गिळलेलं तिसरं प्रकरण रविवार मोडून पुन्हा टाइप करून देणाऱ्या बाईंचं नाव पानाच्या वर नव्हतं, खाली नव्हतं, पाठीमागेही नव्हतं.

बाईंनी पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि त्या गप्प झाल्या. बाईंचा स्वतःचा अभ्यासाचा विषय होता मौन. आजवर तो कागदावर होता. आता घरात आला.

सरांना दोन दिवस काही कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, ते परगावी नोकरी करणाऱ्या लेकीच्या फोनवरून.

“बाबा, आई म्हणते, तुमचा चहा ओट्यावर आहे आणि गार होतोय.”

“अगं, पण ती इथेच उभी आहे!”

“ते तुम्ही आपसात बघा. मला मीटिंग आहे.”

अशा अवस्थेत धर्म-अभ्यासाची आंतरराष्ट्रीय परिषद येऊन ठेपली. दोघांनाही निमंत्रण होतं, दोघांचीही तिकिटं आधीच काढलेली होती. विमानात बाईंनी हवाई सुंदरीला सांगितलं, “यांना विचारा, खिडकीपाशी बसायचंय का.” तिने विचारलं. सर म्हणाले, “त्यांना सांगा, त्यांना हवी असेल तर त्यांनी घ्यावी.” ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि शेवटी खिडकीपाशी कुणीच बसलं नाही. हॉटेलात खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे लेकीला मध्ये घालून विचारावं लागलं, तेव्हा मात्र लेक म्हणाली, “क्षमेवर पुस्तक लिहिलंत ना बाबा? वाचा एकदा.”

परिषद भरली होती एका भल्यामोठ्या काचेच्या इमारतीत. देशोदेशीचे विद्वान गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून हिंडत होते. समोरासमोर आले की आधी एकमेकांच्या छातीकडे बघायचे, नाव वाचायचे आणि मग चेहऱ्यावर ओळख आणायचे. जेवणाच्या वेळी कुणाला काय चालत नाही याची चौकशी करून करून स्वयंपाकघर थकलं होतं. सगळ्या धर्मांना आणि धर्म न मानणाऱ्यांनाही चालेल असा एकच पदार्थ त्यांना सापडला होता. त्यामुळे सगळे उकडलेले बटाटे खात होते.

सरांचं सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. अध्यक्ष म्हणून एक नामवंत प्राध्यापक येणार होते. पण आदल्या दिवशी सहिष्णुतेवरच्या चर्चेत ते इतके तावातावाने भांडले की त्यांचा घसा साफ बसला. सकाळी ते गळ्याला मफलर गुंडाळून आले आणि हातवारे करून ‘जमणार नाही’ म्हणाले. परिषदेचे संयोजक धावत सुटले. काटकुळे, कायम घामेजलेले गृहस्थ. पहिल्या रांगेत बाई बसलेल्या दिसल्या. सरांपासून एक खुर्ची सोडून.

“मॅडम, तुम्ही बसाल का अध्यक्ष म्हणून? वक्त्यांचा विषय तुम्हाला परिचयाचा आहे?”

“चांगलाच,” बाई म्हणाल्या.

“वक्त्यांची हरकत नाही ना?” संयोजकांनी सरांना विचारलं.

सरांनी घसा खाकरला. “माझी कशाला असेल?” ते म्हणाले, पण आवाज जरा चिरकला.

बाई मंचावर गेल्या. समोर घंटी, पाण्याचा पेला आणि वक्त्याला वेळ दाखवायचे रंगीत पुठ्ठे. त्यांनी परिषदेच्या इंग्रजीत, चांगल्या स्वच्छ आवाजात ओळख करून दिली. “आजच्या वक्त्यांचं क्षमेवरचं पुस्तक नुकतंच प्रसिद्ध झालं आहे. मी ते वाचलं आहे.” त्या क्षणभर थांबल्या. “छापायच्या आधी वाचलं आहे. बऱ्याचदा.”

सभागृहाला यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी मात्र पाण्याचा पेला जवळ ओढला.

भाषण ठीक चाललं होतं. म्हणजे सरांच्या मानाने ठीक. विषयातून उपविषय, उपविषयातून आठवण, आठवणीतून कुणा जुन्या पंडिताशी वाद. बाईंनी पिवळा पुठ्ठा दाखवला. सरांनी मान डोलावली आणि नवा मुद्दा काढला. बाईंनी लाल पुठ्ठा दाखवला. सरांनी “एवढंच सांगून थांबतो” म्हणून आणखी एक फाटा फोडला. तेव्हा बाईंनी घंटी अशी काही वाजवली की मागच्या रांगेत डुलकी घेणारे दोन विद्वान ताठ झाले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक वयोवृद्ध संशोधक बाई काठीच्या आधाराने उठल्या. या क्षेत्रात त्यांचा मोठा दरारा होता.

“माझा प्रश्न साधा आहे. ज्याने दुखावलं, त्याला आपण काय केलं हेच कळलेलं नसेल, तर क्षमेचं काय होतं?”

“फार उत्तम प्रश्न!” सर खुलले. “अशा वेळी दुखावलेल्या माणसाने मनाचा मोठेपणा दाखवून—”

“अध्यक्ष या नात्याने मला एक खुलासा हवाय,” बाई म्हणाल्या. “मोठेपणा दुखावलेल्यानेच का दाखवायचा?”

“कारण समोरच्याचा हेतू वाईट नसतो. उदाहरणार्थ, समजा, गडबडीत एखाद्याकडून एखादं नाव राहून गेलं—”

“एखादं नाव?” बाई म्हणाल्या. आणि त्या इंग्रजीत नाही म्हणाल्या. घरच्या भाषेत म्हणाल्या.

आता या परिषदेत दुभाष्यांची सोय होती. सभागृहाच्या मागे काचेच्या खोल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत सरांच्या-बाईंच्या भाषेची एक दुभाषी बसलेली होती. परिषद सुरू झाल्यापासून तिच्या भाषेत कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती आपली स्वेटर विणत होती. हे दोन शब्द कानावर पडताच तिने सुया टाकल्या आणि माइकवर झडप घातली. सभागृहात सगळ्यांनी पटापट कानाला हेडफोन लावले.

मंचावरच्या दोघांना यातलं काहीही कळलं नाही.

“अगं, आता हे इथे काढायचं का?” सरही घरच्या भाषेत आले.

“मग कुठे काढू? घरी तुम्ही तळटिपा देता!”

“हे बघ, तुझं नाव वेगळं काय लिहायचं? तू काय परकी आहेस? मी आभारात माझं स्वतःचं नाव लिहिलंय का?”

“तुमचं मुखपृष्ठावर आहे!”

मग अनुवाद पोचायला लागतो तेवढा वेळ गेला आणि सभागृह खदखदून हसलं. सरांवरच डोळे रोखलेल्या बाईंना वाटलं, शेजारच्या दालनात काही विनोदी चाललं असेल.

“मांजराचे आभार मानलेत तुम्ही. मांजराचे!”

“ते समोर बसायचं गं लिहिताना.”

“आणि मी कुठे बसले होते? तुमचं तिसरं प्रकरण बडवत बसले होते! मांजराने केलं असतं का टाइप?”

“तसं नाही, पण तूही जरा समजून—”

“मला शहाणपण शिकवू नका!”

दुभाषी पेशाला पक्की होती. एकही वाक्य तिने सोडलं नाही. फक्त हे शेवटचं तिने, असं मागाहून कळलं, ‘माननीय अध्यक्षांना या मुद्द्यावर अधिक मार्गदर्शनाची आवश्यकता वाटत नाही’ असं करून सांगितलं. मग तिला ते आपल्यालाच मिळमिळीत वाटलं असावं, कारण तिने पुन्हा एकदा, नीट, जसंच्या तसं सांगितलं. सभागृहाच्या डाव्या बाजूने टाळ्या वाजल्या.

एक दाढीवाले गृहस्थ हात वर करून उभे राहिले. “क्षमस्व, पण यात पश्चात्तापाचा टप्पा अजून आलेला नाही.”

“येऊ द्या की त्यांना, घाई कसली?” मागून कुणीतरी म्हणालं.

“माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय,” काठीवाल्या बाईंनी बसल्या जागेवरून आठवण दिली.

तेव्हा सरांनी पहिल्यांदा सभागृहाकडे नीट पाहिलं. ओळीने सगळ्यांच्या कानांना हेडफोन. कुणी पुढे झुकलेलं, कुणी वहीत टिपून घेत होतं. बसलेल्या घशाचे प्राध्यापक तर मफलर सोडून बसले होते. काचेच्या खोलीतून दुभाषी त्यांच्याकडे डोळे लावून होती, पुढच्या वाक्याची वाट बघत. सरांचे कान लालबुंद झाले. हातातली टिपणं त्यांनी एकदा सारखी केली, मग पुन्हा विस्कटली.

“मी विसरलो नव्हतो,” ते म्हणाले.

बाईंनी हातातली घंटी खाली ठेवली.

“आभार लिहायला बसलो त्या दिवशी सकाळीच तू म्हणाली होतीस, शेवटचं प्रकरण कच्चं आहे म्हणून. मला राग आला. म्हटलं, आज नाही लिहीत हिचं नाव. उद्या लिहीन. दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा माणूस येऊन कागद घेऊन गेला. मग सांगायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, राहून गेलं.”

या वाक्यांत एकही फाटा नव्हता. विद्यार्थ्यांपैकी कुणी हजर असतं तर त्यांना आश्चर्य वाटलं असतं.

बाईंनी चष्मा काढला. त्या इतके दिवस आतल्या आत जळत होत्या त्या रागाने नव्हे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपण या माणसाच्या साध्या लक्षातही राहिलो नाही, हे त्यांना खुपत होतं. रात्री कूस बदलताना त्यांना ते मांजर आठवायचं आणि रडू यायचं. रुसून नाव गाळलं असेल तर गोष्ट वेगळी होती. रुसलेला नवरा त्यांना चांगला ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तो छत्री कुठे ठेवावी यावरून रुसला होता.

“प्रकरण कच्चं आहे म्हटलं म्हणून?”

“हो.”

“मग सुधारलंत का ते?”

“नाही.”

“अजून कच्चंच आहे ते,” बाई म्हणाल्या. “पार कच्चं.”

“माहीत आहे मला.” सर खाली मान घालून म्हणाले, “चुकलं माझं.”

दुभाषीने हे सांगताना, म्हणे, विणायच्या स्वेटरनेच डोळे पुसले. पण कामात कसूर नाही.

बाईंनी चष्मा पुन्हा घातला, सभागृहाकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “वक्त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. वेळ झाली. सत्र संपलं.” इतका टाळ्यांचा कडकडाट त्या परिषदेत कुणालाच मिळाला नव्हता.

जेवणाच्या वेळी बटाट्यांच्या रांगेत दोघांना लोकांनी गराडा घातला. दाढीवाल्यांचं म्हणणं, हा क्षमेचा करार झाला. दुसरे एक म्हणाले, छे, हे प्रायश्चित्त. दोघांची तिथेच जुंपली. एका तरुण संशोधिकेने डोळे चमकवत विचारलं, “हे सगळं तुम्ही आधी ठरवून केलंत ना? सिद्धांताचं प्रात्यक्षिक?”

सरांना मोह झाला. त्यांनी छाती थोडी फुगवली, तोंड उघडलं आणि बाईंकडे पाहून मिटलं.

मग घामेजलेले संयोजक आले. “समारोपाच्या सत्रात हेच पुन्हा कराल का? मोठं सभागृह देतो. ज्यांचं हुकलं ते फार हळहळताहेत.”

“कराल का म्हणजे?” बाई म्हणाल्या. “त्यासाठी यांना आधी नवी चूक करावी लागेल.”

“तेवढा वेळ आहे,” संयोजक आशेने म्हणाले.

दोघं मागच्या दाराने सटकले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि रस्त्यावर आपापल्या कामाला जाणारी माणसं होती, त्यांना क्षमेशी काही देणंघेणं नव्हतं. थोडं चालले तोच बाई लंगडायला लागल्या. परिषदेसाठी घेतलेले नवे बूट टाचेला चावत होते. कोपऱ्यावर चपलांचं दुकान होतं. सरांनी त्यांना तिथल्या स्टुलावर बसवलं आणि दुकानदाराने दिलेल्या सपाता घेऊन ते स्वतः खाली बसले. गुडघ्याने ‘कट्’ असा आवाज केला.

“उठाल ना पुन्हा?” बाईंनी विचारलं.

“बघू. आवळत नाहीये ना?”

“डावी जरा आवळतेय.”

त्यांनी पट्टा सैल केला. मग खाली बघतच म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीत घालतो तुझं नाव. सगळ्यांत वर.”

“या पुस्तकाची दुसरी आवृत्ती? कोण घेणार ती?”

सर हसले, बाईही हसल्या. दुकानदाराला काही कळलं नाही, तरी गिऱ्हाईक खूश दिसतंय म्हणून तोही हसला.

“म्हणजे माफ केलंस?”

“तुम्हीच लिहिलंय ना, क्षमा ही घटना नसते, ती प्रक्रिया असते म्हणून?” बाई उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकून पाहिली. “मग चालू आहे प्रक्रिया. ते बूट पिशवीत घाला आणि चला, कुठेतरी बटाटा नसलेलं काहीतरी खाऊ.”

त्यांनी हात पुढे केला. सर तो धरून, एकदा कण्हून, उठले आणि दोघं दुकानाबाहेर पडले. कुठे जायचं याबद्दल मात्र पहिल्याच चौकात त्यांचं जमेना.