चांदीच्या डबीचा मालक

औशात आमचं संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या वाचनालयाच्या दोन खोल्या. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथं मी परिसराचा इतिहास सांगतो. निवृत्त मास्तर मी. मधे कुणी कुजबुजलं की डोकं फिरतं आणि टाळ्या पडल्या की फुगतो.

किल्लारीच्या भूकंपावर बोललो की टाळ्या हमखास. शेवटी मी ढिगाऱ्यात सापडलेली इष्टलिंगाची छोटी चांदीची डबी दाखवायचो. म्हणायचो, "आम्हा लिंगायतांत लिंग अंगावरून उतरत नाही. मेल्यावर ते हातात देऊन माणसासोबत पुरतात. डबी मागं राहिली, म्हणजे हिचा मालक वाचला. आजही कुठंतरी जगतोय." हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं होतं.

गेल्या रविवारी सगळे गेले, तरी एक बाई बाकावर बसून होत्या. मला कुलूप लावायचं होतं. जरा तोऱ्यातच विचारलं, "काय पाहिजे, अव्वा?"

"मी गंगम्मा, मूळची किल्लारीची, आता चाकूरला असते. भाच्यानं मोबाइलवर तुमचं भाषण दाखवलं, गुरुजी. ती डबी माझ्या सुकन्याची हाय. बुडाला दाताचे वण असतील बघा. लई चावायची."

मी काच सरकवून डबी उलटी केली. वण होते. सात वर्षं मी त्यांना दगडांचा मार समजत होतो.

"चार वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "आता छत्तीसची असंल. कुठं हाय ती?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तुम्हीच म्हणलाव न्हवं, वाचली म्हणून?"

मी डबी सरळ केली. त्याच बोलत राहिल्या.

"त्या रात्री दोरा तुटला. म्हणून डबी मीच काढून देवळीत ठेवली. म्हणलं, सकाळी नव्यात ओवावं. पहाटं घर पडलं. माझा पाय मोडला, मला सोलापूरला दवाखान्यात नेलं. आमचे मालक म्हणले, सगळ्यांना एकत्र जाळलं, तिलाबी. मी काय तिला पाहिलं न्हाई."

डबी मागं का राहिली, हे या बाईंना बत्तीस वर्षं ठाऊक होतं. माझं वाक्य पोकळ आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तरी लातूरला एसटी बदलून त्या आल्या होत्या. मला माझी लाज वाटली.

"अव्वा, ते मी मनानंच जोडलं होतं. लोकांना बरं वाटतं म्हणून. माझं चुकलं."

"हाव," त्या म्हणाल्या. "मलाबी बरं वाटलं. महिनाभर."

डबी मी त्यांच्या हातावर ठेवली. नोंदवहीचं बघता येईल. त्यांनी पिशवीतून कोरा दोरा काढला, डबी ओवली आणि गळ्यातल्या स्वतःच्या लिंगाशेजारी बांधली.

"लेकराला बिनलिंगाचं धाडलं. आता माझ्यासंगं हे मातीत जाईल."

मी त्यांना दारापर्यंत सोडायला निघालो, पण त्या पुन्हा बाकावर बसल्या.

"गुरुजी, येक डाव सांगा की. मोबाइलात सांगता तसं. शेवटचं तेवढंच."

मी टेबलामागं जाऊन उभा राहिलो. त्यांनी पदर सावरला आणि ऐकायला मान वर केली. तेहतीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी. "हिचा मालक" एवढं म्हणालो आणि पुढं मला रडूच फुटलं.