घाटावरची भरती

ऋताचा पेपर जर्नलने जवळजवळ स्वीकारला होता. रिव्ह्यूअरच्या एकाच प्रश्नाचं उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं राहिलं होतं: दोन्ही घाटांवर पाण्याचे नमुने घेतले तेव्हा हुगळी नदीला भरती होती की ओहोटी? पेपर छापून आला तरच बंगळूरची नोकरी पक्की होणार होती. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

कोलकात्यातल्या बागबाजार घाटावर ती नेहमी भरतीत जायची. पाणी पायऱ्यांवर चढलेलं असे, वाकलं की बाटली भरे, चिखलात उतरावं लागत नसे. तिथून सियालदह स्टेशनला यायचं आणि लोकल पकडून नदीच्या खालच्या अंगाचा बजबजचा घाट गाठायचा. तोवर ओहोटी लागलेली असे. बजबजच्या पाण्यात शिसं जास्त, असं तिने पेपरात ठासून लिहिलं होतं. पण ओहोटीबरोबर अख्ख्या कोलकात्याची घाण खाली वाहत येते. शिसं बजबजचं होतं की ओहोटीचं, देव जाणे.

तिचे गाइड चारुदत्त सर शेजारीच उभे होते. बाबांचे जुने स्नेही, घरी गणपतीला आले की काका, लॅबमध्ये मात्र सर. उत्तर जायचं ते त्यांच्याच लॉगिनवरून.

“लिही, दोन्हीकडे भरतीतच घेतले,” ते म्हणाले. “रिव्ह्यूअर काय घाटावर येऊन बसला होता?”

“पण सर, ते खरं नाही.”

“एका ओळीपायी नोकरी घालवशील. बाबांना काय सांगणार आहेस?”

बाबांचं नाव निघालं तशी ती चिडली. चिमटा नेमका कुठे काढायचा, हे घरोब्याच्या माणसांना बरोबर ठाऊक असतं.

“भरतीत जा, चिखल लागत नाही, हे मला कुणी सांगितलं, सर?”

ज्या पेपरामुळे सरांचं नाव झालं, त्याचेही नमुने अशाच फेरीत, आधी बागबाजार मग बजबज, घेतलेले होते. ते नुसते तिच्या नोकरीसाठी भांडत नव्हते, हे ऋताला आत्ता कळलं. तिला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरं लिहिलं तर दोघंही बुडणार होते.

तरी तिने लिहिलं. बागबाजारला भरती होती, बजबजला ओहोटी. म्हणून ही तुलना ग्राह्य धरता येत नाही, नमुने पुन्हा घ्यावे लागतील. मग उठून तिने खुर्ची रिकामी केली.

सर बसले. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. तिची सगळी वाक्यं निवडली आणि बोट डिलीटवर नेऊन ठेवलं. ऋता त्या बोटाकडे बघत राहिली. पुसलं असतं तर तिला काहीही करता आलं नसतं.

बोट उचललं गेलं. सरांनी खाली सावकाश टाइप केलं: ‘माझ्या आधीच्या पेपरातही हीच चूक आहे. हिला ती मीच शिकवली.’ आणि उत्तर पाठवून टाकलं.

“बंगळूरला मी कळवू?” त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

“नको, मीच कळवते,” ऋता म्हणाली, आणि तिला रडू आवरलं नाही.