चौथी चावी

माघ पौर्णिमेला अंजनाबाईंच्या घरी चोरी झाली. त्यानंतरचे आठ दिवस त्या आतून इतक्या सुखात होत्या, की नवरा गेल्यापासून असं सुख त्यांना लाभलंच नव्हतं. अर्थात हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. लोक भेटायला येत, हळहळत, आणि अंजनाबाई पदराने डोळे टिपून त्यांना चहा करून देत.

त्या दिवशी सकाळी त्या विहारात वंदनेला गेल्या होत्या. परतायला अकरा वाजले. रायपुरातल्या बूढापाऱ्यातल्या त्या जुन्या इमारतीचे दोन जिने चढून दाराशी आल्या, तर कुलूप नेहमीसारखं कडीला लटकलेलं. चावी लावली, आत गेल्या, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकल्या. फरशीवर तुरीची डाळ पसरली होती. डबा आडवा पडला होता. डाळीच्या तळाशी कापडात बांधून ठेवलेली सोन्याची एकदाणी गेली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

चौकीतून आलेल्या शिपायाने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. "ताला टूटा नहीं है, अम्मा. जिसके पास चाबी है, उसी का काम है. किस-किस के पास है चाबी?"

"माझ्याजवळ," अंजनाबाई म्हणाल्या. "आणि एक ह्यांच्या फोटोजवळ."

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नवऱ्याचा, दयारामचा फोटो होता आणि त्याच्या खिळ्याला खरंच एक चावी अडकवलेली होती. शिपायाने ती मोजली, लिहून घेतली आणि गेला. अंजनाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. फक्त चौथ्या चावीचं त्यांनी सांगितलं नाही.

ते कुलूप पितळी होतं, जाडजूड, हाताच्या घामाने काळं पडलेलं. दीक्षाभूमीवर गेले असताना दयारामने ते नागपुरात इतवारीतून घेतलं होतं. तेव्हा ते रेल्वेच्या क्वार्टरात राहत. दयाराम वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता, आणि क्वार्टरांच्या त्या ओळीत दिवसाचे तास भोंग्यावर मोजले जात. कोणाचा नवरा पहाटे निघे, कोणाचा दुपारी परते, पोरं शाळेतून, बायका नळावरून. कोणी कोणासाठी दार धरून बसत नसे. घरात जेवढी माणसं तेवढ्या चाव्या, असा तिथला रिवाज. पोराला दहावं लागलं की बाप त्याच्या हातात चावी द्यायचा, आणि ते पोट्टं आठ दिवस ती सगळ्यांना दाखवत फिरायचं. त्यांच्या मुलाने, विकीने आपली चावी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. आंघोळीलासुद्धा काढत नसे.

चार चाव्या, चार माणसं. दुसऱ्या मुलाला, प्रफुल्लला हैदराबादेत नोकरी लागली तेव्हा त्याने आपली परत केली; ती पहिल्या घरबदलीत हरवली. दयारामची आता खिळ्यावर होती. आणि विकीची विकीबरोबर गेली.

विकी गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. कारखान्यातल्या अॅप्रेंटिसच्या परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला आणि दयारामने सगळ्या ओळीसमोर त्याच्या थोबाडीत मारली. पोरगा त्याच पावली निघून गेला. बीरगांवला एका फॅक्टरीत लागलो असा चार दिवसांनी फोन आला. मग दोनदा आला. मग आलाच नाही. फॅक्टरीत विचारलं तर म्हणाले, तो केव्हाच सोडून गेला. पोलीस ठाण्यात गेले तर तिथला मुन्शी म्हणाला, "बालिग लड़का है, अपनी मर्ज़ी से गया है. आ जाएगा. देखते हैं." त्याने कागदसुद्धा पुढे ओढला नव्हता.

दयाराम निवृत्त झाला, क्वार्टर सुटलं. त्यानंतर तीन भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात मालकाने दिलेलं कुलूप अंजनाबाईंनी काढून ठेवलं आणि हेच लावलं. दयारामने कधी विचारलं नाही काहून म्हणून. मरायच्या वर्षी मात्र एका दुपारी त्यानेच तेल घेऊन ते कुलूप पुसलं, चावी आतबाहेर फिरवली आणि म्हणाला, "बरोबर चालून राहिलं." क्वार्टरच्या जुन्या शेजाऱ्यांना प्रत्येक नवा पत्ता कळवलेला होता. विकीला पत्ता मिळाला, तर दार त्याच्याच हाताने उघडावं, एवढंच.

आणि आता दार उघडलं होतं.

कुलूप मोडलं नव्हतं. डाळीच्या डब्यात सोनं असतं हे घरच्याशिवाय कोणाला ठाऊक? आणि जाताना पुन्हा कुलूप लावून गेला. चोर कधी कुलूप लावतो का? ती तर क्वार्टरातली सवय. आईने कान पिळून लावलेली. तो पोटासाठी आला असेल, लाजेने थांबला नसेल. एकदाणीचं काय, ती त्याच्याच बायकोसाठी ठेवली होती. म्हणजे तो जिवंत होता. इथेच कुठेतरी, रायपुरात.

प्रफुल्ललाही तेच वाटत होतं, पण फोनवर त्याचा सूर वेगळा. "आई, चौथी चावी कोणाजवळ आहे ते तुलेही माहीत आहे आणि मलेही. पोलिसांना नाव काहून नाही दिलं?"

"आपल्याच पोराचं नाव देऊ? चोर म्हणून?"

"अकरा साल में एक फोन नाही केला त्यानं. चोरी करायले बरोबर आला. आणि ते कुलूप आजच्या आज बदल."

"उद्या."

तो उद्या काही उजाडत नव्हता. एक दिवस गुडघा दुखत होता, एक दिवस रविवार होता. दरम्यान प्रफुल्लने लोखंडी जाळीचं दार बसवायचं ठरवलं, तेव्हा खालच्या मजल्यावरची घरमालकीण रीना भाभी तरातरा वर आली.

"आंटी, ये दरवाज़ा सागौन का है, ससुरजी ने खड़े होकर बनवाया था. एक छेद नहीं होगा. एग्रीमेंट में लिखा है."

"मग चोरालेही एक कॉपी देऊन ठेव एग्रीमेंटची," अंजनाबाई म्हणाल्या. भाभीला अर्धंच कळलं. ती हसली आणि "कैमरा चिपका लो, चिपकाने को मना नहीं है," असं सांगून खाली गेली.

म्हणून मग कॅमेरा आला. प्रफुल्लचा शाळासोबती अश्विन येऊन भिंतीला तो चिकटवून गेला, जिन्याकडे तोंड करून. त्यात माणूस दिसायचा, हैदराबादेत बसून बोलताही यायचं. पहिल्याच दिवशी अंजनाबाई दूध घ्यायला निघाल्या आणि भिंतीतून आवाज आला, "आई, चप्पल उलटी घातली तू." त्यांच्या हातातून पातेलं पडता पडता राहिलं.

आठव्या दिवशी त्याच भिंतीतून प्रफुल्ल म्हणाला, "आज कुलूप नाही बदललं, तर रविवारी मी येतो आणि तुले इकडेच घेऊन येतो. सामान-वामान सब. तुझ्या सुनेनं खोली लावून ठेवली आहे."

अंजनाबाई घाबरल्या त्या या बोलण्याने. इथे कोणी नसेल तर तो पुन्हा येईल कोणाकडे?

दुपारी दाराला तेवढ्यापुरतं मालकाचं कुलूप लावून त्या आपलं कुलूप पिशवीत घालून तलावाकडच्या कोपऱ्यावर गेल्या. तिथे भैय्यालाल चावीवाला सायकलला चाव्यांचे झुबके लटकवून बसतो. दयारामच्या वयाचा नसला तरी सत्तरीकडे झुकलेला. छत्तीसगढी माणूस, म्हाताऱ्या बाईला आईच्या मानाने दाई म्हणणारा.

"असं कर भैय्यालाल," त्या म्हणाल्या. रस्ताभर त्यांनी हेच जुळवलं होतं. "बाहर से एकदम मजबूत लॉक दे. कोई तोड़ नहीं सके. लेकिन चाबी यही लगनी चाहिए. ही जुनी."

भैय्यालाल हसला. "नया ताला, पुरानी चाबी? ऐसा काहे, दाई?"

"घर का एक आदमी बाहर है. उसके पास यही है."

"हव," तो म्हणाला आणि कुलूप हातात घेऊन कानाशी हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. त्याने अंजनाबाईंची चावी घातली, फिरवली, काढली, पुन्हा घातली. मग कपाळाला आठी घालून त्याने विचारलं, "कितने साल का है?"

"पस्तीस तरी."

"दाई, इसके लीवर तो सब घिस गए. अंदर कुछ बचा ही नहीं." त्यांना पटत नाहीसं पाहून तो म्हणाला, "दूसरी कोई चाबी है? कोई भी दो."

कमरेच्या जुडग्यात कपाटाची चावी होती, पत्र्याची, पातळ. ती त्यांनी दिली. भैय्यालालने ती कुलपात सरकवली, जरा हलवली आणि कुलूप खट्‌कन उघडलं. मग त्याने स्वतःच्या झुबक्यातली एक घेतली. उघडलं. आणखी एक. उघडलं. जादूचा खेळ दाखवल्यासारखा तो खुशीत आला होता. "देखा? ये ताला थोड़े है, झुमका है!"

अंजनाबाईंनी कपाटाची चावी परत घेऊन जुडग्यात अडकवली. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या.

"मग चोर..." त्यांनी विचारलं. "चोरी के बाद वो फिर ताला लगाके गया. चोर काहून लावेल?"

"सब लगाते हैं. ताला खुला दिखा तो पड़ोसी हल्ला करेंगे न. लगा रहेगा तो शाम तक किसी को पता नहीं."

"एकदाणी डाळीच्या डब्यात होती. दाल में."

"दाल, चावल, आटा," भैय्यालाल म्हणाला. "सब दाई लोग वहीं रखती हैं. चोर पहले रसोई में ही जाता है." मग त्याचं त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्याने कुलूप खाली ठेवलं आणि सायकलच्या सीटवर अंथरलेलं पोतं झटकून म्हणाला, "बैठो, दाई. पानी पियोगी?"

त्या बसल्या नाहीत.

भैय्यालाल स्वतः घरी आला. दाराला भोक न पाडता, आहे त्याच कडीला बसणारं जड पोलादी कुलूप त्याने लावलं. आकडा झाकलेला होता, करवत चालणार नाही असा. चारदा उघडून मिटून दाखवलं. रीना भाभी खालून येऊन दार निरखून गेली. तिच्या सागवानाला ओरखडा नव्हता.

"तीन चाबी है साथ में," भैय्यालाल म्हणाला. "घर में कितने जन हो?"

"एकटीच."

"फिर तो तीन बहुत है."

तो गेल्यावर अंजनाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. मांडीवर जुनं कुलूप होतं. त्यांनी दयारामची चावी फोटोजवळून काढून आणली आणि त्यात फिरवून पाहिली. उघडलं. शेवयांच्या डब्याच्या कुलपाची इवलीशी चावी घातली. तीही फिरली. इतकी वर्षं जे कुलूप एकट्या विकीसाठी राखलं, ते कोणालाही उघडत होतं, आणि दयाराम त्यात तेल घालत होता.

भिंतीवरचा लाल दिवा लागला.

"आई, लागलं का नवं कुलूप? ज़रा दाखव. वा, मस्त आहे! आता काही भीती नाही."

"प्रफुल्ल," अंजनाबाई कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "पोलिसात विकीचं नाव दे."

"काय म्हणतेस? आठ दिवस तर तू..."

"दे म्हणते ना. चावीवाल्यानं पाहिलं. कुलूप चावीनंच उघडलं म्हणे."

"मी काय सांगून राहिलो होतो तुले?"

"हव. तूच बरोबर होता." त्यांनी पदर सावरला. "आता लिहून घे. फोटो तो दे, पिवळ्या शर्टातला, त्यात तोंड साफ दिसते. उंची माझ्यापेक्षा एक वीत जास्त. डाव्या भुवईवर खोक आहे, नळावर पडला होता तेव्हाची. गळ्यात लाल दोरा. आता नसंल, पण लिही. बीरगांवचंही लिही, कोणत्या साली गेला तेही. चोरीत नाव असलं म्हणजे पोलिसायले शोधाच लागते ना? कागद तर करा लागते."

"आई, एका एकदाणीसाठी कोण शोधत फिरते आजकाल?"

"खोकेचं लिहिलं का?"

"लिहितो."

"मागच्या वेळी त्यांनी काहीच लिहून घेतलं नव्हतं."

"बघतो," प्रफुल्ल म्हणाला. "मीटिंग आहे माझी. बघतो नंतर." लाल दिवा विझला.

अंजनाबाई उठल्या. नवीन तीन चाव्यांपैकी एक कमरेला खोचली, एक दयारामच्या खिळ्याला अडकवली. तिसरी हातात घेऊन त्या खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तुरीच्या डाळीचा डबा उघडला, चावी तळाशी सारली आणि वरून डाळ सारखी केली.