एक्केचाळीस बुंधे

दिव्यानी कोवे वनरक्षक होती. गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याच्या पलीकडच्या जंगलातली एक बीट, म्हणजे राखणीचा एक पट्टा, तिच्याकडे होती. मे महिन्यातल्या वादळानंतर कार्यालयातून वादळात पडलेल्या सागाची यादी तिच्या सहीसाठी आली: एक्केचाळीस झाडं. सही करण्याआधी ती सगळं जंगल फिरून आली. वादळात पडलेलं झाड मुळासकट उपटतं, नाहीतर फाटून मोडतं. इथे बहुतेक बुंधे सरळ उभे होते, वरून करवतीनं गुळगुळीत कापलेले.

तिनं सही केली नाही. फोटो जोडून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि शेवटी विनंती केली, माझं नाव गुप्त ठेवावं. बाराव्या दिवशी तिची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंचाला.

रुजू व्हायच्या आधी ती गडचिरोलीत अ‍ॅडव्होकेट निशात शेख यांच्याकडे गेली.

"ताई, तक्रार करणाऱ्याले वाचवाचा कायदा हाय का नाई?"

"आहे. २०१४ साली संसदेनं मंजूर केला," निशात म्हणाली. "पण लागू कधी होणार, ती तारीख सरकारनं अजून काढलीच नाही."

"मंजूर झाला, मंग लागू काऊन नाई?"

"दुरुस्ती करायची म्हणाले. ती अडकली."

"म्हंजे कायदा पुस्तकात हाय, पण मले कामाचा नाई?"

निशात हसली. असे एकामागून एक प्रश्न विचारणारा पक्षकार तिला क्वचितच भेटायचा. तिनं दुसरं पुस्तक काढलं. "तुमच्या कामाचा हा, बदल्यांचा कायदा. मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी लागतं आणि वरिष्ठाची मंजुरीही. त्यांनी कारण काय लिहिलं, ते आधी बघू."

दिव्यानी सिरोंचाला रुजू झाली. माहितीच्या अधिकारात स्वतःच्याच बदलीची फाइल मागितली. महिनाभरानं झेरॉक्स आल्या. कारणापुढे तीनच शब्द होते: 'प्रशासकीय सोयीसाठी बदली'. मंजुरीची जागा कोरी होती. आणि मागे तिच्या गुप्त पत्राची प्रत टाचलेली, तिच्या नावाखाली जाड रेघ. ती रेघ कोणी मारली असेल, हे ती बराच वेळ फाइलवरच्या सह्या न्याहाळून शोधत राहिली. कळलं नाही.

निशातनं तीच पानं नागपूरला प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे ठेवली. कारण नाही, मंजुरी नाही, म्हणून चौथ्या महिन्यात बदली रद्द झाली. दिव्यानी आपल्या बीटवर परतली. पुढच्या आठवड्यात चौकशी पथक आलं. तिनं त्यांना एकेका बुंध्यापाशी नेलं. एक्केचाळीसपैकी अडतीस करवतीनं कापलेले निघाले, आणि यादी करणारा अधिकारी निलंबित झाला. तिचं नाव फोडणाऱ्याचा मात्र पत्ता लागला नाही. त्याचं तिला अजूनही वाईट वाटतं.

एका दुपारी शेजारच्या बीटवरची वनरक्षक दुर्गा तिच्या क्वार्टरवर आली. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग तिनं आवाज खाली केला.

"फाइल मागाचा अर्ज कोणाच्या नावानं लिवा लागते, बाई?"

"जन माहिती अधिकाऱ्याच्या," दिव्यानी म्हणाली. "काऊन, तुले काय दिसलं?"

दुर्गानं मोबाइल काढून गुळगुळीत कापलेल्या बुंध्यांचे फोटो उघडले, आणि दोघी त्या पडद्यावर वाकल्या.